भास्करचे घोरणे

भास्करच्या जलदान विधीचे जेवण सुरू होते आणि मी भात वाढत होते, तेवढ्यात आमच्या केंद्राला सरकारी अनुदान मंजूर झाल्याचा फोन आला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आनंद करावा की नाही, कोणालाच समजेना. शेवटी भास्करची बायको कुंदाच म्हणाली, "जाता जाता तुमचं काम करून गेला पाहा, मावशी." सगळ्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी भाताचा गंज उचलून मागे गेले. ती बोलली ते खरे होते, पण तिला वाटत होते तसे नाही, हे मला पुढे कळले…

मी चौथी शिकलेली बाई. लिहिणे माझे काम नाही. पण भास्करबद्दल दुसऱ्या कोणी लिहिले तर सगळे चांगलेच लिहील, म्हणून मी लिहिते. वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही बायका दारू सोडवायचे केंद्र चालवतो. घरोघरून तांदूळ-डाळ मागून इतकी वर्षे चालवले. दुपारी माणसे येतात, जेवतात, बोलतात, पंख्याखाली पडतात, कारण रिकामी दुपारच माणसाला गुत्त्याकडे नेते. दारात मी बसायची. माझे काम एकच, येणाऱ्याचे तोंड हुंगायचे. ही विद्या मला नवऱ्याने शिकवली, तो जन्मभर प्यायला. कोणी वेलची खावो, कांदा खावो, माझे नाक फसत नसे. भास्कर महाल भागात ऑटो चालवायचा. पहिल्यांदा आला तो गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा भरून. "दारू नाही मावशे, खर्रा हाय," म्हणाला. मी म्हटले, "खर्र्यात बाटली घोटली काय गा? चाल, वापस जा." तो हसत गेला आणि दुसऱ्या दिवशी कोरडा आला.

त्याची दारू सुटली. मग कुठे कोणी पिऊन पडला असला, की तोच त्याला ऑटोत घालून आमच्याकडे आणायचा. भाडे घेत नसे, शिव्या मात्र पोटभर द्यायचा. तो साधुसंत नव्हता. खोटे बोलायचा, आणि कुंदाला कामावरून घरी आणायचे विसरून चौकात गप्पा मारत बसायचा. ऑटो चालवून चालवून त्याची कंबर गेली होती. दुखण्यावरच्या गोळ्यांची पाकिटे त्याच्या खिशात असत, ती मी पाहिली होती. औषध आहे, त्यात काय बघायचे, असे वाटले. एकदा मी तोंड हुंगून त्याला आत सोडले, तेव्हा तो दारातच थांबला. "मावशे, तुह्या नाकाले फक्त दारूच समजते वं." मी म्हटले, "मंग काय अत्तर समजाव? चाल, हात धू." त्याने हात धुतले आणि जेवायला बसला. तो काहीतरी सांगायला थांबला होता, हे मला आता कळते…

अनुदानासाठी पाहणी करायला साहेब येणार, त्या दिवशी आम्ही सकाळीच अंगण धुऊन काढले होते. तांदूळ देणारी घरे आता तोंड फिरवत होती. अनुदान मिळाले नसते तर केंद्र बंदच पडले असते. भास्कर आला तो डोळे मिटतच. जीभ जड झाली होती. मी तोंड हुंगले. स्वच्छ होते. माझा जीव भांड्यात पडला. "झोपला नाही काय गा?" "कंबर झोपू देत नाही वं. पडतो जरा." तो भिंतीशी मुटकुळे करून पडला. साहेबांसमोर असे वेडेवाकडे बरे दिसणार नाही म्हणून मीच त्याला उताणा केला, हात छातीवर ठेवले, वर धुतलेली चादर घातली. तो घोरायला लागला. खरखर आवाज यायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा यायचा. साहेब आले, त्यांतले एक जण हसून म्हणाले, "आजी, हा गडी कोण?" मी तोऱ्यात सांगितले, "साहेब, ही दारू सुटलेल्या माणसाची झोप आहे." त्यांना ते आवडले. त्यांनी स्वयंपाक पाहिला, चौकशी केली. मध्ये घोरणे बंद झाले. मला वाटले, बरे झाले, आता नीट बोलता येईल.

चहा झाल्यावर उठवायला गेले, तर ओठ काळेनिळे पडले होते. दवाखान्यात त्याला त्याच्याच ऑटोतून नेले. झोपेत हृदय बंद पडले, असे सगळे म्हणाले. नशीबवान, त्रास झाला नाही, असेही म्हणाले.

अनुदान आले तशी आम्हाला शिकवायला एक सिस्टरही आली. गोळ्यांचीही नशा असते, तिला वास नसतो, असे ती सांगत होती. आणि अशा माणसाचे घोरणे म्हणजे झोप नव्हे, त्याचा श्वास कोंडत असतो. त्याला हलवायचे, कुशीवर करायचे, ताबडतोब गाडी बोलवायची. ते घोरणे कसे असते, ते तिने घशातून आवाज काढून दाखवले. बायका खो खो हसल्या. मी तो आवाज ओळखला.

मी तशीच उठून कुंदाकडे गेले. ती अंबाडी निवडत होती. मी सगळे सांगितले, चादरीपर्यंत. तिचा हात थांबला नाही. "घरीबी उताणा झाला का तसाच घोरे," ती म्हणाली. "मी पाठीत धपाटा घालून कुशीवर करत होती. मले वाटे, कटकट करून राहिला." मग तिने विचारले, "तुमच्याकडं कोणीच नाही घातला धपाटा? काहून?"

"साहेब होते," मी म्हटले.

तिने अंबाडीचे देठ बाजूला सारले. "आता काही दिवस येऊ नका, मावशी."

केंद्रात आता नवे पंखे आहेत. दारात दुसरी बाई बसते. मी दुपारी झोपलेल्या माणसांमध्ये बसून कान देते. कोणी उताणा होऊन घोरला, की पाठीत धपाटा घालते. चांगला जोरात. "काहून मारतं वं मावशे? काय केलं म्या?" असे ओरडत तो उठून बसतो, मला शिव्या देतो. त्या मी ऐकून घेते. तो शिव्या देऊन पुन्हा कुशीवर झोपेपर्यंत मी त्याच्याजवळून उठत नाही.