सिस्टरने पाळायला लावलेलं सोवळं

झाशीत माझ्याइतकं कडक सोवळं कुणी पाळलं नसेल. पाळलं ते एकच दिवस, आणि तेही एका ख्रिस्ती नर्सबाईच्या धाकाने.

आमचे वाडवडील पूजा सांगायला महाराष्ट्रातून इकडे आले आणि इकडचेच झाले. माझ्यापर्यंत येईतो पूजा संपली होती, नुसतं सांगणं उरलं होतं. शाळा मी लहानपणीच सोडली, मास्तरांनी पेढे वाटले म्हणतात. मानिक चौकात भांड्यांच्या दुकानात बसायचो आणि गिऱ्हाइकांना हसवायचो. आई मात्र पक्की. घरच्या माणसाने अंघोळ करून, सोवळ्यात भरलेलं पाणीच ती प्यायची. दुसऱ्या कुणाचा हात लागला की ते पाणी मोरीत.

एका उन्हाळ्यात, लूच्या झळा चालू असताना, तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. सदर बाजाराच्या पुढे मिशनचं इस्पितळ होतं, तिथे खाट मिळाली. वॉर्डातली सिस्टर केरळकडची, पांढरी साडी, गळ्यात क्रूस. तिने आईचे दोन्ही हात चाचपले आणि मला बाजूला घेतलं.

"भैया, सुई के लिए नस नहीं मिल रही. मुँह से पानी नहीं गया तो माताजी बचेंगी नहीं."

तिने पेला पुढे केला तर आईने ओठ मिटले. "मरेन. पण हे पाणी नको."

मी घरी पळालो. अंघोळ केली, वडिलांचा सोवळ्याचा रेशमी कद नेसलो, विहिरीचं पाणी कळशीत भरलं आणि सायकलवर टांग मारली. सदर बाजारात ओळखीचा पानवाला ओरडला, "अरे पंडितजी! आज शादी है क्या?" झालं. मी सवयीने थांबलो, दात काढले, आणि त्याने पुढे केलेलं पान तोंडात टाकलं.

वॉर्डात पोचलो. आईने कसेबसे डोळे उघडले.

"पान खाल्लंस?"

"छे!" म्हणालो, आणि हनुवटीवर लाल ओघळ आला.

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. एक कळशी पाणी हातात, आणि आई तहानेने चाललेली. मी सिस्टरला म्हणालो, "आप जबरदस्ती पिला दो ना. इनको अब कहाँ होश है."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कळशीच्या मागे लपलो. "होश है. पिएँगी तो अपने मन से पिएँगी. प्यासे से जबरदस्ती नहीं करते, भैया."

मग ती खाटेपासून हातभर लांब स्टुलावर बसली आणि आईलाच विचारू लागली, पाणी कसं भरायचं, कुणी, काय काय चालत नाही. आई अर्धं मराठी, अर्धं हिंदी, तुटक तुटक सांगत होती. सिस्टर एकेका गोष्टीला मान हलवत होती. जे मी जन्मभर कंटाळून ऐकलं, ते ती परीक्षेचं असल्यासारखं ऐकत होती.

नंतर तिने मला इस्पितळामागच्या विहिरीवर नेलं. पान पार निघेपर्यंत चुळा भरायला लावल्या. राखेने कळशी घासून घेतली. डोक्यावरून पाणी ओतून ओलेत्याने पाणी काढायला लावलं. मी जरा डोकं खाजवलं.

"हाथ फिर से धोइए."

"सिस्टरजी, इतना तो मेरी माँ भी..."

"आपकी माँ अंदर मर रही हैं. धोइए."

वऱ्हांड्यात सिगडीवर मीच पाणी उकळलं. गार झाल्यावर ती लांबून सांगेल तेवढी साखर न् मीठ घातलं. वाऱ्याने तिचा पदर माझ्याकडे उडायला लागला, तर तिने तो दोन्ही हातांनी आवळून धरला. मला शिवू नये म्हणून! आमच्या घरात इतकं कुणी मला जपलं नव्हतं.

मग ती पुढे निघाली, मी ओलाकिच्च मागे. "रास्ता दो, माताजी का पानी आ रहा है!" बुरख्यातल्या बायका, गरौठ्याकडून आलेले शेतकरी, झाडू मारणारी बाई, सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले. पुढे क्रूस, मागे सोवळं. मी देवाच्या पालख्या पाहिल्यात, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

आईने पहिला चमचा घेतला. मग दुसरा. लांब उभ्या सिस्टरचे ओठ हलत होते. संध्याकाळी नस सापडली. शिरेतून जाणाऱ्या पाण्याबद्दल आईच्या शास्त्रात काही नव्हतं, म्हणून ते चाललं.

आई उठून बसायला लागली तेव्हा मी सिस्टरला हळूच विचारलं, "सच बताइए, मन में तो आता होगा कि माँ ईसाई हो जाए?"

"आता है ना. रोज प्रार्थना करती हूँ. माताजी को बता भी दिया है."

मी आईकडे वळलो. "तुला ठाऊक होतं?"

"हो. मीही तिला सांगितलंय, तुझा पुढचा जन्म आमच्या घरात व्हावा म्हणून मी जप करते. हसली ती."

दोघी एकमेकींकडे बघून पुन्हा हसल्या. मला वाटायचं, दोन धर्म समोरासमोर आले की एकाला तरी मागे सरावं लागतं. इथे दोघी तसूभर हलल्या नव्हत्या, आणि तरी एकीने दुसरीला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. मला एक विनोद सुचेना. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आणि माझ्यासाठी कोण काय मागतं गं?"

"तुझ्यासाठी?" आई म्हणाली. "कुणाचा देव इतका रिकामा बसलाय? जा, कळशी घासून आण."