ओढ्यात ओतलेलं काँक्रीट

माझं माहेर चिंचवडचं, सासर हिंजवडीजवळच्या माणचं. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी हिंजवडीतल्या एका साइटवर काँक्रीट तपासायचं काम करते. घरात मात्र याबद्दल मला कुणी काही विचारत नाही.

घरामागं ओढा आहे. मध्यंतरी तिथं काँक्रीटच्या गाड्या येऊन उभ्या राहायला लागल्या. उरलेला माल गाडीच्या ड्रममध्ये राहिला तर आतच दगड होऊन बसतो, म्हणून ड्रायव्हर तो कुठंतरी ओततात आणि ड्रम धुऊन घेतात. आमच्या ओढ्यात करडा राडा साचत गेला. वास नव्हता, पण बघवत नव्हतं.

एका दुपारी सासूबाई अळू काढायला अनवाणी त्यात उतरल्या. मी कामावरून आले तेव्हा त्या ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. घोट्यापर्यंत कातडी लाल, बोटांच्या बेचक्यांत पांढरी पडून सुटलेली.

"उन्हानं पोळलं असंल," सासरे खुर्चीतूनच म्हणाले.

"ऊन नाही मामा, सिमेंट आहे. पाण्यात कालवलं की चुन्यासारखं खातं. लगेच कळतसुद्धा नाही." मी पायांवर तांब्यानं पाणी ओतत होते. "उद्या त्या ड्रायव्हरची तक्रारच करते."

"त्याची कशापाई? मीच बोलावतोय गाड्या."

ते शांतपणे सांगत राहिले. शेजारी त्यांचं मंगल कार्यालय आहे, त्याला पार्किंग नाही. ओढा भरून निघाला की आयती सपाट जागा. खडी फुकट, सिमेंट फुकट.

मला वाटलं, यांना कल्पना नसेल. मी म्हणाले, "मामा, हे मातीसारखं पावसात वाहून नाही जाणार. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट पाणी धरतं आणि त्यानंच दगड होतं, पाण्याखालीसुद्धा. ओढा कायमचा बुजेल."

"मंग? तेच तर पायजे."

एवढी किळस मला कधी कुणाची आली नव्हती. समोर बायकोच्या पायाची साल निघत होती आणि हा माणूस मनातल्या मनात पाहुण्यांच्या गाड्या लावत होता.

"आत्या, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला कोण सांगतंय बाई," त्या म्हणाल्या.

सकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी सांगून टाकलं, "कढत पाणी सांडलं." सासऱ्यांनी रात्रीच त्यांना तसं बजावलेलं होतं. मी खरं काय ते डॉक्टरांना सांगितलं. परत येताना रिक्षात त्या माझ्याकडे पाठ फिरवून बसल्या.

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी बोला. "बाबांपुढं काय बोलणार?" म्हणत तो मोबाइल बघत बसला. मग मीच तहसील कचेरीत तक्रारीचा अर्ज दिला. तिथली माणसं आली, सासऱ्यांच्या मंगल कार्यालयात चहा प्यायली आणि गेली. गाड्या येतच राहिल्या.

ओढा भरला. सासऱ्यांनी पार्किंगच्या उद्घाटनाला मंडप घातला, भाऊबंदांना जेवण दिलं. सासूबाईंच्या पायांवर अजून काळे चट्टे होते, म्हणून त्यांना मोजे घालून पूजेला बसवलं. पाहुण्यांसमोर वाईट दिसतं म्हणे. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. सासऱ्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि हसत म्हणाले, "सूनबाई, तपासून सांगा की, माल कसा हाय?"

पेढा तसाच पेढ्यांच्या ताटात परत ठेवून मी घरात निघून गेले.