मुंग्यांची वाट

"पाणी पाहिलास की?" डोळे उघडले की काकांचा पहिला प्रश्न हाच.

तुमच्याही घरी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असतील, मुंग्या येऊ नयेत म्हणून. आमच्या खोलीतल्या वाट्या मुंग्या जाऊ नयेत म्हणून होत्या. दोन काचांमध्ये माती, तीत राणी आणि तिची प्रजा. ती पेटी स्टुलावर आणि स्टुलाचे चार पाय चार वाट्यांत.

"झाकण का नाही लावत, काका?"

"कोंडून ठेवलं तर पाळलं कसं म्हणू रे?"

ते तंजावरकडचे. मराठी माझ्या आजोबांहून जुनी, आणि कुणाची कीव आली की तमिळ "पावम्" हमखास. मी सातवीतून शाळा सोडून साताऱ्याहून मद्रासला आलेला, जॉर्ज टाउनात कागदाच्या पेढीवर गठ्ठे बांधणारा. शहरात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. "पावम्, मराठी बोलतो," एवढ्यावर त्यांनी मला अर्धी खोली दिली. इंग्रजीत सही करायलाही त्यांनीच शिकवलं.

खाली साखरेचं गोदाम होतं. मालकाची अट एकच : वरून मुंगी खाली उतरली, तर खोली रिकामी.

एका सकाळी घाईत ओलं धोतर दोरीवर टाकून मी कामाला गेलो. अजूनही काही वाळत घातलं की मी त्याची टोकं दोनदा बघतो. दुपारी आलो तर भिंतीवरून काळी रांग थेट पोत्यांपर्यंत गेलेली आणि मालक जिन्याखाली ओरडतोय. वर धावलो. धोतराचं एक टोक स्टुलावर टेकलं होतं, दुसरं भिंतीला. मी ते ओढलं आणि बिछान्याखाली कोंबलं.

काकांना कचेरीतून बोलावून आणलं होतं.

"माझीच चूक," ते मालकाला म्हणाले. "वाट्यांत पाणी घालायचं राहिलं."

वाट्या काठोकाठ भरलेल्या होत्या. सकाळी मीच भरल्या होत्या. मी शेजारीच उभा होतो.

संध्याकाळपर्यंत मुदत मिळाली. खोलीत येऊन काकांनी बिछान्याखालून धोतर काढलं आणि होतं तस्संच दोरीवर टाकलं. "हीच वाट ठाऊक आहे त्यांस. राणी आत आहे, येतील की." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पाच वाजेपर्यंत बऱ्याचशा परतल्या. पेटी छातीशी धरून काका निघाले. दारात थांबले.

"तू राहा इथंच. पावम्, जाशील कुठं?"

त्यांच्या कचेरीच्या फाटकापर्यंत मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा तिथूनच मागे फिरलो.

मागे राहिलेल्या मुंग्या पुढे तीन-चार दिवस येत होत्या. धोतरावरून स्टुलावर उतरायच्या, पेटी होती तिथल्या बिनधुळीच्या चौकोनाभोवती फिरत राहायच्या. मालकाने पाहिलं असतं तर मलाही जावं लागलं असतं. तरी ते धोतर काढायला माझा हात गेला नाही. सकाळी उठून वाट्यांत पाणी मात्र घालत होतो.