बाकीच्या बायका गावाला आहेत

थायरॉइडचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर कमलिनीताईंना म्हणाले होते, आवाज येईल हळूहळू. आवाज आला, पण अर्धाच. बोलण्यापुरता. मध्य सप्तकातला पंचम ओलांडला की गळ्यातून नुसती हवा. नाशिकहून कतारला आल्यापासून सव्वीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक गणपतीत ज्यांचं गाणं ठरलेलं, त्या बाईंना यंदा कमिटीने फोन करून विचारलं, "ताई, या वेळी निवेदन कराल का?" ताई हो म्हणाल्या, फोन ठेवला आणि मोबाइलमधलं तानपुऱ्याचं अ‍ॅप काढून टाकलं.

त्यांचे यजमान अरुणकुमार हमद पोर्टवर इंजिनिअर. बायको घरात साधं गुणगुणतही नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं; पण गाण्याचा विषय काढायची त्यांची छाती झाली नाही. "अगं, गुडघ्यासाठी तरी पाण्यात उतरत जा," एवढंच ते म्हणाले. अल वक्राच्या त्यांच्या कंपाउंडमधला पोहण्याचा तलाव सकाळी नऊ ते अकरा फक्त बायकांसाठी असे.

तिथली लाइफगार्ड सोलांज. पस्तिशीची, बुटकी, दणकट, कामापुरतं बोलणारी. कॅमेरूनची आहे, यापलीकडे तिच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं. एकदा ताई वेळेच्या आधीच पोचल्या. सोलांज कमरेइतक्या पाण्यात एकटी उभी होती. तिने तळवे वाटीसारखे केले आणि पाण्यात मारले. डग्ग्यावर पंजा दाबून घुमारा काढावा, तसा आवाज खालून आला. पुन्हा मारले, जरा तिरके, वेगळा आवाज. मग ती गायली. छातीतला सूर एका झटक्यात वर डोक्यात गेला आणि तसाच खाली उतरला. मधे मींड नाही, काही नाही. ताई जिन्यावरच थांबल्या.

गाणं अर्ध्यावर तुटलं. सोलांजने त्यांना पाहिलं होतं.

"सॉरी मॅडम. कुणी नाही असं वाटलं."

"थांबलीस का? पुढे गा ना."

"पुढे नाही. माझं एवढंच. बाकीच्या बायका गावाला आहेत."

मग रोज थोडं थोडं, हिंदी-इंग्लिशच्या खिचडीत कळत गेलं. सोलांजची आई बाका लोकांतली, कॅमेरूनच्या आग्नेयेकडच्या जंगलातली. तिथे बायका नदीवर आंघोळीला उतरल्या की पाणी वाजवतात आणि गातात. ते गाणं एकीचं नसतं. एक दोन सूर लावते, दुसरी तिच्या मधल्या फटीत आपले टाकते, तिसरी वरून झेप घेते. शब्द जवळपास नाहीतच. "पाच वर्षं झाली मला इथे," सोलांज म्हणाली. "एकटीने गायलं तर ते गाणं होतच नाही."

ताईंनी शेजारची नफिसा आणि समोरच्या व्हिलातली बबीता, दोघींना सोबत गायला तयार केलं. वहीत सरगम लिहून काढली, मात्रा मोजल्या, तिघींनी ते पाण्यात उभं राहून एका सुरात म्हणून दाखवलं. सोलांजने मान हलवली.

"मामा, तुम्ही सगळ्या एकाच जागी उभ्या राहताय."

"आमच्यात मामा म्हणजे आईचा भाऊ," ताई म्हणाल्या. नफिसा हसली. "आणि सूर जुळायला नको का?"

"जुळू दे. पण जागा वेगळी हवी. नफिसा थांबते तिथे तुम्ही या. तुम्ही थांबाल तिथे बबीता."

आयुष्यभर सगळ्यांना एकत्र सम गाठायला शिकवत आलेल्या बाईंना हे काही जमेना. त्या चिडल्या. आपला गळा गेलाय, त्यात आता हा पोरखेळ कशाला, म्हणून दोन दिवस तलावाकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मेथी निवडताना मात्र त्यांच्या लक्षात आलं, आपण मघापासून दोन सूर धरून बसलोय. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. बाहेरच्या खोलीत अरुणकुमार एक बूट हातात घेऊन उभे होते. "चालू दे," ते म्हणाले.

त्याच सकाळी ताई तलावावर गेल्या. "सोलांज, माझ्याकडे खालचे दोन-तीन सूरच नीट उरलेत."

"तेच हवेत. वर जायला सगळ्या धावतात. खाली थांबायला कुणी तयार नसतं."

पुढच्या गुरुवारी ते जमलं. सोलांजने पाण्यावर ठेका धरला, नफिसा आत आली, तिच्या फटीत ताई, मग बबीता. कोण कुठे संपतंय ते कळेना. ताईंना आपला आवाज वेगळा ऐकूच येईना, आणि तरी तो काढून घेतला तर सगळं कोसळेल हे स्पष्ट जाणवत होतं. मधेच त्यांची जागा चुकली. घाबरून त्या गप्प झाल्या, कान दिला, पुन्हा शिरल्या. कुणी थांबलं नाही.

नफिसाने काठावर फोन ठेवून ते रेकॉर्ड केलं होतं. सोलांजने आईला पाठवलं. गावात रेंज नाही, कुणी मोठ्या रस्त्यापर्यंत जाईल तेव्हा मिळतं. नऊ दिवसांनी उत्तर आलं. चौघी ओल्या केसांनी फोनभोवती बसल्या. आधी त्यांचंच गाणं ऐकू आलं, दुसऱ्या फोनमधून वाजत असलेलं, पत्र्यासारखं. मग त्यावर एक म्हातारा आवाज चढला, मग आणखी चार-पाच. तिकडच्या बायका त्यांच्यात सामील झाल्या होत्या. आणि या सगळ्यांच्या तळाशी कमलिनीताईंचा खरखरीत खर्ज, जिथल्या तिथे.

शेवटी आई काहीतरी बोलली. सोलांजने डोळे पुसत सांगितलं, "ती विचारतेय, खालच्या आवाजाची बाई कोण. म्हणते, मधे ती वाट चुकली. ती चुकली तिथेच आम्हाला शिरायला जागा मिळाली."

ताई फोनच्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा लाव."

मंडळाच्या कार्यक्रमात हे गायचं का, असं त्यांनी सोलांजला विचारून पाहिलं. सोलांज नको म्हणाली. लोक खुर्च्यांवर बसून नुसते बघणार असतील तर आईला ते आवडायचं नाही. ताईंना पटलं. गणपतीत त्यांनी निवेदनच केलं, आणि मंचामागे बायकांना गाठून सांगितलं, गुरुवारी नऊला पाण्यात या. सातजणी आल्या. दोघींना सूर कशाशी खातात ते माहीत नव्हतं.

या नव्या ताफ्याचं रेकॉर्डिंगही जंगलाकडे रवाना झालं. या वेळी मोठ्या रस्त्यावरून फक्त निरोप आला : मधाचा हंगाम आहे, सगळ्या जंगलात आत गेल्यात, परतल्यावर ऐकतील. तोवर सराव करा.

"यल्ला, चला," ताई म्हणाल्या आणि पाण्यात उतरल्या.