बहिणीला लिहिलेले नऊ मुद्दे

पोपच्या हातून पाप होतच नाही असे कॅथलिक लोक मानतात का, हे तुम्ही दोघा नातवंडांनी गेल्या रविवारी फोनवर विचारलेत. मी म्हटले, लिहून कळवते. याचे उत्तर मला स्वतःला नीट कळले ते एका भांडणामुळे, आणि भांडण होते माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी. म्हणून आधी ते सांगते.

आमच्या साताऱ्याच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले ट्रेमध्ये ठेवून बाकांवरून फिरवतात. ज्याचे कोणाशी वैर असेल त्याने आधी समेट करावा, नाहीतर काही न घेता ट्रे पुढे द्यावा, ही आमच्या घरातली रीत. माझी आई ती कडक पाळायची. ट्रे असा पुढे दिला की मागच्या तीन बाकांना कळते. मी अकरा महिने तो पुढे देत होते.

कारण आईच्या दफनाच्या दिवशी घडले. बहीण सांगलीला राहते. नवरा गेल्यावर ती तिथल्या एका नव्या प्रार्थनामंडळीत जाऊ लागली. तान्हेपणी डोक्यावर पाणी शिंपडून दिलेला बाप्तिस्मा ते मानत नाहीत. कळत्या वयात पाण्यात उतरावे लागते. आणि पवित्र आत्म्याने शुद्ध केलेला माणूस या जन्मीच पापावाचून जगू शकतो, असे त्यांचे शिक्षण. त्यांच्या पाळकांना प्रार्थनेत जो संदेश मिळतो, तो ती मंडळी देवाचाच मानते. कबरीपाशी बहीण शेजारणीला म्हणाली, "आई पाण्यात उतरली नव्हती. तिचं काय होईल सांगता येत नाही." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

घरी येऊन मी पत्र लिहिले. मुद्देसूद, एक ते नऊ, प्रत्येकाखाली शास्त्रातला आधार. तिचा गर्व, तिचा कठोरपणा, सगळे क्रमाने. शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवले, तेव्हा फोटोकॉपी काढून फाइलला लावली हे सांगायला नकोच. माझा मुख्य आधार असा, की आपल्यात पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो. तिचे उत्तर व्हॉट्सॲपवर आले, फक्त एक वचन, अध्यायाच्या आकड्यासह: देवापासून जन्मलेला पाप करत नाही. मी शास्त्र उघडून पाहिले. दोन्ही वचने शास्त्रातल्या एकाच छोट्या पत्रातली, दोन पाने अलीकडे-पलीकडे. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात तुमची आई एकटी आली होती, आठवते? ती वसईची, कॅथलिक. वाटाणे सोलत बसलो होतो, तेव्हा मी तिला पत्राची प्रत दिली. खरे सांगायचे तर शाबासकीच हवी होती. तिने नऊही मुद्दे वाचले.

"आई, हे कोणाचं कन्फेशन आहे?"

"म्हणजे?"

"आम्ही पापं कबूल करताना फादरांपुढे सासूबद्दल सांगायला लागलो तर ते थांबवतात. म्हणतात, बाई, तुझं सांग. सासू आली की तिचं ती सांगेल."

"तू सासूबद्दल सांगतेस?"

"उदाहरण दिलं, आई."

मग मीही तुमचाच प्रश्न तिला विचारला. ती म्हणाली, "पोपसुद्धा कन्फेशनला जातात. त्यांच्या हातून पाप होतं. श्रद्धेची एखादी गोष्ट ते सगळ्या चर्चसाठी अधिकाराने ठरवून सांगतात, तेव्हा तेवढ्यापुरती चूक होऊ नये हे देव पाहतो. उद्या पाऊस पडेल म्हणाले तर चुकू शकतात. येशूच्या आईचं, मरियेचं वेगळं. तिला देवाने सुरुवातीपासून निष्पाप ठेवलं."

"हे शास्त्रात कुठे आहे?" मी सवयीने म्हटले. आमच्यात निष्पाप एकटा येशू, आणि शेवटचा शब्द शास्त्राचा.

"शास्त्र तुम्ही दोघींनीही उघडलंत की. मिटलं का भांडण?"

मरियेबद्दलचे तिचे म्हणणे मला आजही पटलेले नाही. पण पत्राबद्दलचे पटले. नऊ मुद्द्यांत माझे एकही पाप नव्हते.

पुढच्या मंगळवारी सकाळच्या एसटीने सांगलीला गेले. इस्लामपूरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी सरकत होती, तेवढ्या वेळात काय बोलायचे ते ठरवले. बहिणीने दार उघडले.

"ताई? फोन नाही केलास."

"केला असता तर नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. ये."

चहा ठेवायच्या आधीच मी सांगून टाकले. "आईबद्दल तू बोललीस ते अजून दुखतं. पण पत्र मी तुला दुखवायलाच लिहिलं. ते माझं पाप. मला क्षमा कर."

ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. "किती मुद्दे होते?"

"नऊ."

"मी सहापर्यंतच वाचले. पाचवीत मॉनिटर झालीस ती अजून उतरली नाहीस." मग वळून म्हणाली, "मी पाप केलं असं मी म्हणणार नाही, ताई. जाणूनबुजून करतो ते पाप, असं आम्ही मानतो. मला खरं वाटलं ते मी बोलले. पण त्या दिवशी, तिथे, बोलायला नको होतं. ती चूक. चूक आमच्याकडूनही होते. तिची क्षमा मागते."

वर्षापूर्वी मी यावर दहावा मुद्दा लिहिला असता. आता चहा घेतला.

"रविवारी प्रभुभोजन घेशील?" तिने विचारले. तिला आमची रीत माहीत आहे.

"घेईन."

"पाळकांनी विचारलं, बहिणीने पाप कबूल केलं का, तर?"

"आमच्यात पाळक विचारत नाहीत. ज्याचं त्याने ठरवायचं."

"म्हणजे पोप तूच झालीस की," ती म्हणाली आणि हसली.

त्या रविवारी मी पेला घेतला. आईच्या तान्हेपणीच्या बाप्तिस्म्याला बहीण अजून बाप्तिस्मा मानत नाही, मी मानते. बुधवारी दुपारी तिचा फोन येतो, कधी त्यावर वादही होतो, आणि मी मुद्दे लिहून ठेवत नाही.