अहल्याकाकूंच्या काट्याचा दाखला

खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत अहल्या जगताप यांचं भाजणी-मसाल्याचं दुकान आहे. दुकान ते केवढं, तर काकू आत बसल्या की वजनकाटा बाहेर, आणि काटा आत घेतला की काकूंचे पाय बाहेर. पण बडोद्यातल्या मराठी घरात थालीपीठ लावायचं तर भाजणी काकूंचीच, हे ठरलेलं. हल्ली गुजराती बायकाही नेतात. त्यांना थालीपीठ थापायची धास्ती वाटते, म्हणून काकू पुडीच्या कागदावरच बोटांनी थापून दाखवतात, मध्ये भोक कसं पाडायचं तेही शिकवतात, आणि मागची रांग ताटकळत राहते. कोणी घाई केली तर त्याला शेवटी माल मिळतो. काकूंचा स्वभाव तसा तापटच.

दुकान मूळ सासऱ्यांचं, फत्तेसिंहरावांचं. त्यांच्याकडे पितळी तराजू होता. मालाचं पारडं चांगलं खाली झुकल्याशिवाय म्हातारा पुडी बांधायचा नाही, आणि ते झुकलेलं गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहावं म्हणून तराजू उंच धरायचा. काकू सून म्हणून दुकानात बसायला लागल्या तेव्हा पहिला धडा हाच मिळाला. तोलमाप खात्याचा माणूस ठरल्या वेळी येऊन तराजू आणि वजनं तपासायचा, शिक्का मारायचा, दाखला द्यायचा. तो दाखला देवाच्या तसबिरीशेजारी लागायचा.

सहा वर्षांपूर्वी काकूंचा खांदा धरला. तराजू उचलवेना, तेव्हा त्यांनी इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि तिथे त्यांची पंचाईत झाली. काट्यावर पाचशेचा आकडा आला की आला, झुकणं वगैरे काही नाही. गिऱ्हाइकाला बरोब्बर पाचशे ग्रॅम देताना काकूंना आपण कद्रू झाल्यासारखं वाटायचं. वरून चिमूट टाकायची म्हटलं तर दिवाळीच्या गर्दीत कोणाला टाकली, कोणाची राहिली, याचा मेळ बसेना. एक दिवस काटे दुरुस्त करणारा एक फिरता कारागीर आला. काकूंनी त्याला बसवून चहा पाजला आणि सांगितलं की यालाही जरा झुकायला शिकव. त्याने मागचं सील फोडलं, आत काहीतरी फिरवलं, आणि तेव्हापासून काटा किलोमागे वीस ग्रॅम जास्त देऊ लागला. काकू निवांत झाल्या. या नव्या काट्याचाही वेगळा दाखला लागतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दुकानाला एक दाखला असतो आणि तो भिंतीवर आहे, असा त्यांचा समज. त्याची तारीख कधीच उलटून गेली होती, पण देवाच्या शेजारच्या कागदाची तारीख कोण बघतं?

आता घरातली गोष्ट. काकूंचे यजमान वसंतराव, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात छत्तीस वर्षं फिटर. निवृत्त झाल्यापासून त्यांचा एकच धोशा होता, की दुकान बंद कर. खांदा दुखतो, गुडघे दुखतात, मिक्सर जळतो, कशासाठी हे सगळं? सकाळी कमाटीबागेत फिरायला जाऊ, डोंगर बघून येऊ. काकू ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी भाजणी भाजायला बसायच्या. शेवटी या वर्षी गिऱ्हाईकही खरंच रोडावलं. लोक घरबसल्या मागवतात, गल्लीत कोण येतो? काकूंनाच वाटायला लागलं, की यांचं खरं असेल.

तेवढ्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनकडून विचारणा आली. दर आठवड्याला भाजणी आणि गोडा मसाला, वर्षभर. काकूंनी वसंतरावांशी पैजच लावली. ही ऑर्डर मिळाली तर दुकान राहील आणि सकाळच्या वेळी वसंतराव दुकानात बसतील. नाही मिळाली तर दसऱ्याला काकू आपल्या हाताने कुलूप लावतील. वसंतरावांनी लगेच हो म्हटलं आणि डोंगरांची चौकशी सुरू केली.

कॅन्टीनची खरेदी बघणाऱ्या निरुपमाबेन कागदांच्या बाबतीत कडक. दुकानाची नोंदणी, खाद्यपदार्थांचा परवाना आणि तोलमापाचा दाखला, तिन्ही शनिवारी दुपारपर्यंत हातात हवेत, नाहीतर यादीतला पुढचा माणूस. पहिले दोन काकूंकडे होते. तिसऱ्यासाठी त्यांनी भिंतीवरचा कागद काढून नेला, तर निरुपमाबेननी तो शांतपणे परत दिला. हा तराजूचा आहे आणि जुना आहे, तुम्ही ज्याच्यावर तोलता त्याचा आणा.

काकूंनी अर्ज केला आणि बुधवारी निरीक्षक विक्रमसिंह परमार दुकानावर आले. सरळ माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी काटा उलटा केला, फुटलेलं सील पाहिलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. सील कोणी फोडलं, असं त्यांनी विचारलं. आता काकूंना म्हणता आलं असतं की तसंच आलं होतं, किंवा उंदरांनी कुरतडलं. शेजारचा हिंगवाला मागून तशा खुणाही करत होता. पण काकूंनी मान वर करून सांगितलं, की मीच फोडायला लावलं.

विक्रमसिंहांनी पेटीतून सरकारी वजन काढलं आणि एक किलो काट्यावर ठेवलं. आकडा आला नऊशे ऐंशी. त्यांनी वजन उचललं, काटा बंद करून चालू केला, पुन्हा ठेवलं. नऊशे ऐंशी. त्यांनी चष्मा पुसला. मग वजनच उलटंसुलटं करून पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत गिऱ्हाइकाला लुबाडणारे काटे त्यांनी ढिगाने पकडले होते, पण मालकिणीलाच लुबाडणारा काटा ते पहिल्यांदा बघत होते. त्यांना हसू आवरेना. गल्लीतही हसू पिकलं.

काकूंनी संधी साधली. कायदा गिऱ्हाइकासाठी आहे ना, मग गिऱ्हाइकाला जास्तच मिळतंय, तर अडचण कसली, द्या दाखला. विक्रमसिंहांनी हसणं थांबवलं.

"काकी, काटा खरा पाहिजे. कोणाच्या बाजूने खोटा आहे, ते कायदा विचारत नाही." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "द्यायचं असेल ते हाताने द्या ना. हाताला काही सील नसतं."

त्यांनी काटा नापास केल्याचा कागद लिहून दिला, सील फोडल्याचा दंड सांगितला, आणि तो काकूंनी तिथल्या तिथे भरला. परवानाधारक माणसाकडून दुरुस्त करून आणा, असं विक्रमसिंहांनी सांगितलं. बडोद्यात फेरतपासणीला पुढच्या आठवड्याशिवाय तारीख नव्हती. पण शुक्रवारी डभोईच्या बाजारात खात्याचा कॅम्प होता, तिथे काटा आणला तर तपासणी होईल.

त्या संध्याकाळी काकू जेवल्या नाहीत. नापास झाल्याची लाज होतीच, पण त्याहून एक गोष्ट सलत होती. सहा वर्षं आपण देतोय असं त्यांना वाटत होतं, आणि देत होतं ते यंत्र. घेणाऱ्यालाही पत्ता नाही. सासरे देत होते ते समोर, डोळ्यांत बघून. आपण मात्र एकदा चहा पाजून त्या कामातून सुटका करून घेतली, हे काकूंना फार लागलं.

वसंतरावांनी मात्र स्क्रूड्रायव्हर काढला होता. छत्तीस वर्षं इंजिनं जुळवली, हे डबडं काय, दहा मिनिटांत खरं करून देतो. काकूंनी काटा त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. एकदा नसत्या माणसाने उघडला, तेवढं पुरे झालं. वसंतराव दोन तास फुगून बसले, आणि मग आपणहून म्हणाले की शुक्रवारी मीही येतो, ओझं तुला झेपायचं नाही.

गुरुवारी काटा रीतसर दुरुस्त झाला. शुक्रवारी सकाळी दोघं डभोईच्या बसमध्ये बसले. स्कूटरवर धक्के बसतील म्हणून बस, आणि बसमध्येही धक्के बसतील म्हणून काटा दुलईत गुंडाळून वसंतरावांच्या मांडीवर. समोरच्या बाकावरच्या बाईंना वाटलं, आजोबा नातवाला दवाखान्यात नेतायत. त्यांनी मायेने दुलईचं टोक उचलून पाहिलं आणि आत काट्याची बटणं बघून त्या गोंधळल्या. मग सगळी बस गोळा झाली. एकाला आपली मिरच्यांची पिशवी तोलून हवी होती, डभोईचा व्यापारी वजनात मारतो म्हणे. वसंतराव तयारच होते. काकूंनी डोळे वटारले. अजून शिक्का बसायचाय, बिनशिक्क्याच्या काट्यावर एक मिरचीसुद्धा तोलायची नाही. वसंतरावांनी त्या माणसाची रीतसर माफी मागितली आणि उरलेला सगळा रस्ता सहप्रवाशांना तोलमापाचा कायदा समजावून सांगितला. तो त्यांना आदल्या दिवशीच कळला होता.

कॅम्पमध्ये ही रांग. कापसाचे काटे, सोनाराचे काटे, भंगारवाल्याचा तर माणूस झोपेल एवढा. दोन वाजता काकूंचा नंबर लागला. विक्रमसिंहांनी किलोचं वजन ठेवलं. एक हजार. अर्ध्या किलोचं ठेवलं. पाचशे. शंभरचं ठेवलं. शंभर. मग त्यांनी नवीन सील लावलं, शिक्का मारला आणि दाखला लिहून काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो डोक्याला लावला. मागचा सोनार हसला, तर हसू दे.

शनिवारी वसंतरावांनी काकूंना स्कूटरवरून मकरपुऱ्याला सोडलं आणि ते फाटकाबाहेर चिंचेखाली थांबले. निरुपमाबेन फाईल चाळू लागल्या. नोंदणी, परवाना, दाखला. आणि दाखल्याच्या मागे नापासाचा कागद. वसंतरावांनी सकाळीच बजावलं होतं की तो घरी ठेव, कोणी आपलं नापासाचं प्रगतिपुस्तक दाखवत फिरतं का. पण काकूंनी तो काढला नव्हता. या काट्याचे दोन कागद आहेत, तर दोन्ही दाखवायचे, एवढाच त्यांचा विचार. आता निरुपमाबेनच्या कपाळावर आठी चढलेली पाहून त्यांना स्वतःचाच राग आला. एवढी कसली हौस होती खरेपणाची? दुकान हातचं घालवलंस, अहल्या.

निरुपमाबेननी तो कागद दोनदा वाचला. किलोमागे वीस ग्रॅमचा फरक, माल खरेदीदाराकडे जास्त जातो. हे किती वर्षं चाललं, असं त्यांनी विचारलं. काकूंनी सांगितलं, सहा. सांगताना सासऱ्यांच्या तराजूपासून सगळंच सांगून टाकलं, कारागिराच्या चहासकट.

 निरुपमाबेननी मागच्या कपाटाकडे हात केला. "काकी, या कपाटात साठ जणांच्या फायली आहेत. सगळ्यांचे दाखले अगदी बरोबर. आपला नापासाचा कागद लावून आणलेली ही पहिली फाईल." त्यांनी ऑर्डरवर सही केली आणि बजावलं की इथे मात्र बरोब्बर वजनच हवं. एक चिमूट जास्त आली तरी स्टोअरचा मेळ बसत नाही. काकूंनी मान हलवली. 

त्या तशाच बाहेर आल्या. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले, ऑर्डरचा कागद फाईलच्या आत. वसंतरावांनी लांबूनच त्यांचा चेहरा पाहिला आणि ते चिंचेखालून उठून उभे राहिले. पैज आपण जिंकली, असंच त्यांना वाटलं. डोंगर मोकळे झाले होते. पण त्या माणसाचं तोंड असं उतरलं, की इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी ते तसं पाहिलं नव्हतं. त्यांनी काकूंच्या हातातली फाईल घेतली, स्कूटरला अडकवली आणि वळून काकूंकडे न बघताच म्हणाले, "जाऊ दे गं. गोरव्यालाही कारखाने आहेत. सोमवारी आपण तिथे विचारू."

काकूंना आधी कळेचना की हे कोण बोलतंय. मग त्या चिंचेखाली मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, इतक्या रडल्या, की फाटकावरचा पहारेकरी पाणी घेऊन धावला. वसंतराव घाबरून त्यांचा खांदा धरून उभे राहिले. बऱ्याच वेळाने काकूंनी फाईल मागून घेतली, आतला कागद काढून त्यांच्या पुढे धरला आणि म्हणाल्या, "अहो, सोमवारी सकाळी आठला दुकान उघडायचंय तुम्हाला."