केरूच्या अंगाचं माप

तिकडं आखातात, देऱ्यातल्या एका खोलीत आठ बाप्ये राहायचे आणि सगळ्यांची कपडेखरेदी केरूच्या अंगावर व्हायची. खोटं नाही सांगत! केरूची उंची बेताची, खांदे बेताचे, पोट मुळीच नाही. कोणाचा धाकटा भाऊ, कोणाचा जावई, सगळे म्हणे केरूएवढेच! सुट्टीचा शुक्रवार आला की गडी अंघोळ करून कोणाच्या तरी मागं बाजारात निघायचा. शर्ट चढवायचा, हात वर, हात खाली, जरा वळून दाखव. एकदा तर खोलीतल्या तुकारामनं त्याच्या पोटाशी उशी बांधून आपल्या व्याह्याचं माप घेतलं. दुकानदार जहूर हसून हसून खाली बसला.

केरूला ह्याचा कंटाळा कधी आला नाही. आठवडाभर साइटवर सिमेंटनं माखलेला माणूस, कोरा करकरीत कपडा घटकाभर अंगाला लागला तरी त्याला बरं वाटायचं. येताना खोलीसाठी तांदूळ, तूरडाळ, मिरचीपूड तोच घ्यायचा. भाजीवाल्याशी मनसोक्त हुज्जत घालायचा. एकंदरीत मजेत होता.

फक्त स्वतःच्या पोरासाठी काही घ्यायचं म्हटलं की त्याचं तोंड उतरायचं. बायको नर्मदा आणि मुलगा राहुल पाटणकडं, गावी. मागच्या सुट्टीत केरूनं राहुलला काळे चकचकीत बूट नेले होते. पोरगं ते घालून दिवसभर जत्रेत हिंडलं, तोंडातून चकार शब्द नाही. घरी येऊन मोजे काढले तर टाचा सोललेल्या! नर्मदा ओरडली, "आरं, सांगायचं न्हाईस व्हय?" तर पोरगं हळूच म्हणालं, "अप्पांनी एवढ्या लांबनं आणल्यात. त्यांना कसं सांगू?"

केरूनं ते ऐकलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बूट लहान निघाले त्याचं काही नाही हो. पण पाहुण्याशी वागावं तसं पोटचं पोरगं जपून वागलं! बापाला काय करायचाय असला मान?

त्याला दोन वर्षं होऊन गेली. आता तुकाराम गावी निघाला होता आणि त्याच्याबरोबर सामान धाडायचं होतं. गावात शेजाऱ्यांकडं फोन होता. त्यावर केरूनं नर्मदेला विचारलं, "केवढा झालाय गं राहुल?"

"तुमचा निळा सदरा घालतुया की आता," नर्मदा हसली. "खांद्याला बरोब्बर बसतुया."

केरूनं फोन ठेवला आणि तळहात आपल्या छातीशी आडवा धरून बघितला. त्याच्या मनातला राहुल अजून त्याच्या छातीपर्यंतच येत होता.

त्या शुक्रवारी जहूरच्या दुकानात केरू शर्टामागून शर्ट चढवत सुटला आणि एक पसंत पडेल तर शपथ. कॉलर बघ, काखेत बघ, बटण ओढून बघ.

"यल्ला, यल्ला! चल की लवकर!" तुकाराम वैतागला. "माझ्या मेव्हण्याच्या वेळी दोन मिनटांत आटपलंस की रं!"

"त्यो तुझा मेव्हणा. ह्ये माझं पोरगं हाय."

जहूरनं मान वर केली. "आपके नाप का बेटा? माशाल्ला, केरूभाई!"

केरू असा काही फुलला, की दुकान त्याला अपुरं पडलं. शेवटी चौकटीचा शर्ट ठरला. मग बूट. तेही त्यानं आपल्याच पायांत घालून दुकानाला चार फेऱ्या मारल्या. वर खजूर, दुधाची पावडर, नर्मदेला साडी. खलास!

तुकाराम गेला आणि केरूचं कामात चित्त लागेना. भीती एकच. पोरगं मान राखून 'छान आहे अप्पा' म्हणेल, पुन्हा टाचा सोलून घेईल आणि आपल्याला इथं काही कळणारच नाही. पुढच्या शुक्रवारी त्यानं फोन लावला.

"शर्ट बसला का रं?"

"मस्त बसला."

"आणि बूट?"

केरूनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"बूट चावत्यात, अप्पा! माझा पाय तुमच्यापरास मोठा झालाय. फोनवर एवढं इचारता येत नव्हतं का? मी न्हाई घालणार जावा!"

मागून नर्मदेचा आवाज आला, "मेल्या, अप्पांशी असं बोलत्यात व्हय?"

"बोलू दे त्याला!" केरू एवढ्यानं ओरडला, की फोनसाठी रांगेत उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. "बोल बाळा, आजून काय न्हाई आवडलं?"

"शर्टाचा रंग म्हाताऱ्यासारखा हाय," राहुल म्हणाला. आणि मग त्याची गाडी जी सुटली, ती कार्डातले पैसे संपेपर्यंत थांबली नाही.

केरू खोलीवर आला तेव्हा सगळे वाटच बघत होते. "काय केरूभाऊ, बसलं का मापात?"

"बूट वाया गेलं," केरू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं. "पोरगं चिडलंय माझ्यावर. बापावर चिडत्यात ना, तसं चिडलंय!"